पायथ्याशी कोणी राहत नाही

२ नोव्हेंबर

आलो एकदाचे. टेम्पोवाल्याने कपाटाचा पाय मोडला, हमालांपैकी कोणीतरी माझ्या साबणांच्या खोक्यावर बूट टेकवून बसला होता, तरी मी आज कोणावरही ओरडलेले नाही. घरच तसं मिळालं आहे. तीन खोल्या, मागे चकचकीत मोरी, पुढे रुंद व्हरांडा, आणि नळाला दिवसभर पाणी. नाना सगळ्या खोल्यांतून फिरून आले, व्हरांड्यात खुर्ची टाकली आणि म्हणाले की समोर डोंगर आहे म्हणजे हवा चांगली असणार.

तो डोंगर नाही, बांध आहे, मी सांगितलं. वीजकेंद्रात कोळसा जळून उरलेली राख पाण्यात कालवून पाइपाने आणतात आणि बांधाच्या पलीकडे सोडतात. पलीकडे राखेचं तळं, मध्ये हा उंच मातीचा बांध, आणि बांधाच्या पायथ्याशी आमची ही घरांची रांग. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुढे डोंगरच म्हणत राहिले. जन्मभर शाळेत कवायत शिकवलेला माणूस, एकदा तोंडातून हुकूम गेला की मागे घेत नाही.

पण किती खूश आहेत. नानांना, माझ्या बाबांना, मी असं हसताना आई गेल्यापासून पाहिलं नव्हतं. दादाकडे त्यांची खाट जिन्याखाली होती. वहिनी स्वभावाने वाईट नाही, पण नाना खोकले की ती दार लावून घ्यायची. इथे त्यांनी दिवस मावळायच्या आत सगळ्या शेजाऱ्यांची नावं-गावं विचारून घेतली. शेजारची शिवणवाली चहा देऊन गेली. कपाच्या कडेला करड्या बोटाचा ठसा होता. मी माझा चहा गुपचूप मोरीत ओतला. नाना म्हणतात, तू नाकावर माशी बसू देत नाहीस. नाहीच देत. माश्या कुठे कुठे बसून येतात ते मला ठाऊक आहे.

५ नोव्हेंबर

कामाला सुरुवात. माझ्या कामाबद्दल नाना शेजाऱ्यांना भलतंच काही सांगत सुटले आहेत, म्हणून इथे तरी नीट लिहून ठेवते: हा बांध तपासून अहवाल द्यायचा. बांध किती मजबूत आहे हा एक प्रश्न. तो फुटला तर कोण मरेल हा दुसरा. दोन्हींची उत्तरं मला द्यायची आहेत, पण धोक्याची श्रेणी ठरते ती दुसऱ्या प्रश्नावरून. खाली ओसाड माळ असेल तर कमी, शेतं आणि रस्ते असतील तर मध्यम, आणि एक जरी माणूस राहत असेल तर उच्च. बांध लोखंडाचा का असेना, खाली माणूस आहे म्हटलं की उच्च. आणि उच्च लिहिलं की तळ्यात राख सोडणं बंद आणि खालची वस्ती रिकामी.

बांध मात्र खरोखर चांगला निघाला. अशा जुन्या बांधांवर भेगा असतात, उंदरांची बिळं असतात, कुठे ना कुठे पाणी झिरपत असतं. इथे बांधाची देखभाल बघणाऱ्या मुकादमाबरोबर सकाळभर हिंडले, नाव ठेवायला जागा सापडली नाही. पायथा तेवढा दमट आहे. पाणी वाहत नाही, नुसता ओलावा. मुकादम म्हणाला ही सगळी तुडवण्याची करामत आहे.

त्यांचं ते तुडवणंही पाहिलं. सकाळी रांगेतल्या प्रत्येक घरातली माणसं चपला काढून पायथ्याशी उभी राहतात आणि तिथली ओली राख पायांनी तुडवतात. जिथे पाय आत जातो तिथे उद्या पाझर फुटणार असं समजायचं, वर आणखी राख टाकायची आणि पुन्हा तुडवायचं. पद्धत अडाणी असली तरी चुकीची म्हणता येणार नाही. पण ते दृश्य! घोट्यापर्यंत करड्या लापशीत उभे राहून सगळे निवांत गप्पा मारत होते, आणि पाय उचलला की बोटांच्या फटींतून ती लापशी वर यायची आणि पिचक पिचक आवाज करायची. मी दोन पावलं मागे सरले. मुकादम म्हणाला, बाई, या ना, पण बूट काढून. मी म्हटलं मी तपासायला आले आहे, तुडवायला नाही.

९ नोव्हेंबर

नाना तुडवायला जाऊ लागले. माझ्या आधी उठून, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून. जाऊ लागले म्हणजे काय, पुढारीच झाले आहेत. लोक आपापले कसेही पाय टाकत होते, यांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं आणि डावा-उजवा, डावा-उजवा सुरू केलं. लोकांना गंमत वाटते. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. परत येतात तेव्हा चेहरा असा असतो की मला रागावताही येत नाही.

रागवायला कारण आहे. घरात राख येते. मी दिवसातून दोनदा फडकं मारते आणि दोनदा ते करडं होतं. साबणाचा फेस करडा. उशीचा अभ्रा करडा. सकाळी चूळ भरली की बेसिनमध्ये करडी रेघ. दुधाची साय चमच्याने उचलली तर खाली तेच. शिवणवालीला विचारलं, तर ती हसून म्हणाली की आम्ही आता वेगळं काढत बसत नाही. तिचे दात हिरड्यांपाशी करडे आहेत. तिने आपुलकीने माझा हात धरला, आणि मी घरी येऊन तो हात कोपरापर्यंत घासला.

१४ नोव्हेंबर

आज बांधात गिरमिट घातलं. आतल्या मातीचा नमुना काढून ती किती घट्ट आहे ते बघायचं, एवढंच साधं काम. वरचा थर कोरडा निघाला, त्याखाली राख आणि माती, ठीक. मग गिरमिट अचानक सहज आत गेलं, आणि वर आलं ते काय होतं हे मला अजून सांगता येत नाही.

गरम होतं. कोमट नाही, गरम, अंगाएवढं. करडं-गुलाबी, चिकट, पाती सोडायला तयार नाही असं. वास मात्र ओळखीचा होता, आणि तेच सगळ्यात घाण. बंद खोलीत खूप माणसं झोपून उठल्यावर येतो तो वास. घाम, केस, तोंडाची वाफ. मी चिमट्याने थोडं वेगळं केलं, तर त्यात एक लांब केस निघाला, मग आणखी एक, मग त्यांचा गुंताच. मी बांधाच्या उतारावर ओकले. गेल्या किती वर्षांत मी कामावर ओकले नव्हते.

मुकादम शांतपणे म्हणाला की वस्तीचा कचरा पूर्वी यातच टाकत, तो कुजला की उष्णता येते. पटण्यासारखं आहे. कचऱ्यात केस असतात. नमुना बरणीत घालून झाकण घट्ट लावलं आणि ऑफिसच्या फळीवर ठेवला. मग उरलेल्या तुकड्यावर दाब देऊन पाहिला, आणि आकडे असे आले की एवढा चिवट बांध मी कधी पाहिलेला नाही. ताणला तर ताणला जातो, सोडला की जागेवर येतो. माती अशी वागत नाही. पण मजबूत तर मजबूत.

१७ नोव्हेंबर

वीजकेंद्राच्या साहेबांनी बोलावलं होतं. गोड माणूस, खुर्ची पुढे सरकवून देणारा. म्हणाले, बांध उत्तम आहे असं तुम्हीच म्हणता, मग श्रेणी कमी लिहायला अडचण काय? मी म्हटलं पायथ्याशी माणसं राहतात, आणि त्यातली दोन आमच्याच घरातली आहेत. त्यावर ते म्हणाले की ती घरं कामापुरती दिलेली आहेत, कायम वस्ती नव्हेच. माझ्याआधीच्या सगळ्यांनी तसंच लिहिलं. आणि तुम्ही उच्च लिहिलंत, तर पहिलं तुमचंच घर रिकामं करावं लागेल.

येताना व्हरांड्यात नाना मुलांसारखे मांडी घालून बसले होते, भोवती शेजारीपाजारी, कुठलीशी जुनी स्पर्धा रंगवून सांगणं चालू होतं. मला पाहून म्हणाले की मरेपर्यंत आता इथून हलायचं नाही. मला दादाकडचा तो जिना आठवला.

१८ नोव्हेंबर

श्रेणी कमी. "पायथ्याशी कायम मनुष्यवस्ती नाही." सही केली आणि पाठवलं. झाकली मूठ. बांध चांगला आहे, तो फुटणार नाही, आणि फुटणारच नसेल तर खाली कोण राहतं याने कोणाचं काय बिघडलं? असं मी स्वतःला समजावते आहे. स्वतःचीच मला किळस येते आहे, हेही लिहून ठेवते. नियम कशासाठी आहे हे मला इथल्या कोणाहीपेक्षा जास्त कळतं.

२४ नोव्हेंबर

नानांचे पाय धुतले. स्वतःहून नाही. त्यांच्या पांढऱ्या चादरीवर पायांच्या जागी दोन मोठे करडे डाग पडले होते, तेव्हा मी बादली आणि ब्रश घेऊनच बसले. वरची राख निघाली. खालची निघेना. घासते आहे, घासते आहे, पाणी बदलते आहे, आणि प्रत्येक वेळी पाणी तेवढंच करडं. मग लक्षात आलं की ती लागलेली नाहीच. ती आतून येते आहे. टाच दाबली की छिद्राछिद्रातून करडी पेस्ट बाहेर येते, पुटकुळीतून पू यावा तशी.

दुखतं का विचारलं. म्हणाले, छे, उलट गुडघ्याचं दुखणंच थांबलं. खोकलाही गेला. खोकला खरंच गेला आहे, हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. छातीला कान लावला तर आत काही वाजत नाही. ओल्या वाळूचं पोतं असावं तसं शांत.

माझे बाबा आहेत. मी त्यांच्या पायांना हात लावल्यावर माझे हात जाळून टाकावेत असं मला वाटलं. असं वाटल्याबद्दल रडले. आणि रडतानाही हातच धूत होते.

२७ नोव्हेंबर

तुडवायला जायचं नाही म्हणून सांगितलं. चपला लपवण्यात अर्थ नव्हता, त्यांना चपला लागतच नाहीत. गेलेच. दादाकडे परत नेते म्हटलं, तर म्हणाले, "इथे मला मास्तर म्हणतात, बाळ. तिथे मी अडगळ होतो."

शिवणवाली कापड कापत होती. कात्री बोटात गेली, चांगली आत गेली. रक्त आलं नाही. चिरेतून कोरडी राख भुरभुर कापडावर पडली. तिने ती फुंकर मारून उडवली आणि पुढचा कट घेतला. माझ्याकडे बघून हसली. जीभही करडी.

मग मी रांगेतल्या सगळ्यांकडे तसं बघायला लागले. घाम पुसतात तो चिखल. नाक शिंकरतात तो चिखल. जेवायला बसतात, ताटात चिवडाचिवड करतात, आणि ताट तसंच मागे ठेवतात. कोणी आजारी नाही. कोणी कुरकुर करत नाही. आणि हे सगळं मी इतके दिवस अस्वच्छपणा समजत होते.

३० नोव्हेंबर

बांधात उभ्या पुरलेल्या नळ्यांत पाण्याची पातळी बघायची असते. पाऊस झाला तर वर, नाहीतर स्थिर. आज मी एका नळीपाशी नुसती बसून राहिले. पाणी वर येतं. थांबतं. खाली जातं. थांबतं. पुन्हा वर. दुसऱ्या नळीतही तसंच, त्याच वेळी. माझा स्वतःचा श्वास त्याच्याबरोबर चालायला लागला तेव्हा उठून पळाले.

ऑफिसातल्या बरणीला आतून घाम आला आहे. झाकण उघडलं. उघडायला नको होतं. आतल्या गोळ्यावर कातडीसारखा पातळ पापुद्रा धरला आहे आणि त्यावर बारीक लव उगवली आहे. बोटाने दाबलं, बोट उचलल्यावर तिथे पांढरं होऊन हळूहळू पुन्हा गुलाबी झालं.

१ डिसेंबर

मुकादमाला गाठलं आणि सरळ विचारलं. लपवालपवी केली नाही त्याने. फार वर्षांपूर्वी, म्हणाला, बांध सारखा फुटायचा. मग लोक तुडवायला लागले आणि फुटायचा थांबला. हळूहळू त्यांना कळलं की नुसती राख दाबून काही होत नव्हतं.

"नुसत्या मातीने ते तळं थोडंच थोपतंय, बाई? बांधाला माणूस लागतं. तो आमच्यातलं थोडं थोडं घेतो आणि रिकाम्या जागी राख भरून देतो. आम्ही सगळे आतच आहोत. इथे बाहेर हिंडतोय ते उरलंसुरलं."

असं म्हणून त्याने आपल्या कानाची पाळी चिमटीत धरून मोडली. बिस्किटाचा तुकडा मोडावा तशी. माझ्या हातावर ठेवली. मी ती झटकली आणि झटकल्यावर मला वाटलं की ती कोणाच्या तरी कानाची पाळी आहे, असं झटकू नये.

नाना अजून पुरते गेलेले नाहीत, एवढंच तो म्हणाला. नवा माणूस आहे. वेळ लागतो.

२ डिसेंबर

नानांना गाडीत घातलं. खोटं बोलले, दादा भेटायला बोलावतोय असं सांगितलं. बांध मागे पडेपर्यंत ठीक होते, गाणं गुणगुणत होते. मग ओठांना भेगा पडल्या. मग गालांना. खिडकीतून वारा येत होता आणि त्या वाऱ्याने त्यांच्या कपाळावरून राख उडत होती, माझ्या मांडीवर, माझ्या तोंडात. मी थुंकत होते. माझे बाबा माझ्या तोंडात जात होते आणि मी थुंकत होते.

गाडी वळवली. पायथ्याशी उभं केलं तशी ओल चढली आणि भेगा मिटल्या. म्हणाले, गार वाटतं गं. मी त्यांना तिथेच उभं ठेवलं आणि गाडीत येऊन बसले.

३ डिसेंबर

मुख्य कचेरीला कळवलं. श्रेणी चुकीची लिहिली, उच्च करा, पायथ्याशी माणसं राहतात, आजच्या आज हलवा, डॉक्टर पाठवा, चूक माझी. फोनवरही तेच सांगितलं. तपासनीस येतो आहे. तो येऊन डोळ्यांनी माणसं बघेल, तर रांग रिकामी होईल, राख बंद होईल, तळं उपसतील. मग बांध खोदता येईल. नाना आत जेवढे गेले आहेत तेवढे बाहेर काढता येतील. येतील का? माहीत नाही. दुसरं काही सुचत नाही.

तोवर ते टिकले पाहिजेत.

४ डिसेंबर

जेवत नाहीत. खुर्चीत बसून आहेत. हाक मारली की खूप वेळाने हं म्हणतात, आणि तो हं छातीतून येत नाही, दुसरीकडूनच कुठून तरी येतो.

अंग पुसायला घेतलं. ओलं फडकं, हलक्या हाताने. खांद्यावरून फिरवलं आणि खांदा फडक्यात आला. ओल्या भिंतीचा गिलावा यावा तसा. आत पोकळ. मी तो परत लावायचा प्रयत्न केला. हाताने थापत होते. माझे बाबा मी हाताने थापत होते आणि ते बोटांना चिकटत होते आणि मला ओकारी येत होती आणि मी थापत होते —

५ डिसेंबर

आज सकाळी तुडवायला कोणी आलं नाही. सगळे आपापल्या घरी बसून. दारं उघडी. शिवणवाली मशीनवर हात ठेवून. हाका मारल्या. एकानेही मान वळवली नाही.

मुकादम बांधाच्या उतारावर बसला आहे. मांडीपासून खाली नाही. वाऱ्याबरोबर कमी होतो आहे.

बांध मात्र आज नेहमीपेक्षा — उंच दिसतो. नळ्यांतलं पाणी जोरात वर-खाली. काय झालं म्हणून एवढी घाई? मी पत्र पाठवलं म्हणून?

६ डिसेंबर

तपासनीस येऊन गेला.

मी त्याला प्रत्येक घरात नेलं. हे बघा, माणूस. हे बघा. तो दारातूनच नाकाला रुमाल लावून बघत होता. खुर्च्यांवर, खाटांवर राखेचे ढीग. ढिगांवर कपडे. म्हणाला, घरं बऱ्याच दिवसांपासून रिकामी दिसतात, वाऱ्याने किती राख भरली आहे. शिवणवालीच्या मशीनवर त्याने बोट फिरवलं. शी, म्हणाला, आणि बोट रुमालाला पुसलं.

शेवटी आमच्या घरी. मी म्हटलं हे माझे वडील. त्याने खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. फार मऊ आवाजात म्हणाला की एकटीने राहून माणसाला त्रास होतो, मी बदलीसाठी शब्द टाकतो.

आणि मी? मी काय राहत नाही इथे? तसं म्हटलं. त्यावर तो म्हणाला, तुम्ही तर कामावर आहात.

जाताना अभिनंदन केलं. "तुमची पहिली श्रेणीच बरोबर होती, बाई. पायथ्याशी कोणी राहत नाही."

मी लिहिलेलं खरं झालं. मी लिहिलं आणि बांधाने ते खरं करून दाखवलं. खाली कोण आहे ते नियम विचारतो. आत कोण आहे ते कोणीच विचारत नाही.

त्याच दिवशी, उशिरा

खोकला ऐकू आला. नानांचा. खुर्चीतून नाही.

पायथ्याकडून.

७ डिसेंबर

पायथ्याशी बसले आहे. वही मांडीवर. कान लावला की ऐकू येतं — खूप माणसं, दमानं, एका तालात. डावा-उजवा. डावा-उजवा. मध्येच खोकला. आत खोकला परत आला आहे त्यांचा. म्हणजे तेच आहेत. छाती, फुप्फुसं, खोकला, सगळं आत आहे, आणि मी घरात त्या राखेला पेज भरवत होते.

फावडं मारलं. भेग पडली, आणि भेगेतून गरम, चिकट, गुलाबी — लगेच मिटली. पुन्हा मारलं. आतून कोणीतरी कण्हलं. आता फावडं मारवत नाही. कोणाला लागेल काय माहीत.

हाताने काढावं लागणार. बुटाने पाय ठरत नाही, निसटतो.

बूट काढले.

शी. शी. बोटांच्या मधून वर येतं आहे. गरम आहे. गार म्हणाले होते, गार नाही —

डावा हात खांद्यापर्यंत आत आहे. उजव्याने लिहिते. केस. ओठ असावेत. दात. कोणाचे तरी दात, ते बोट हळूच चावून सोडतात. नाना, मी हाका मारते आहे, नाना. डोळ्यांतून पाणी येतं आहे, हात मागे घ्यावा असं अंगातला कणन् कण सांगतो आहे. नाही घेणार. एकदा ती कानाची पाळी झटकली होती.

हात लागला. मोठा. गरम. नानांचा. त्यांनी माझी बोटं धरली, घट्ट, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचे तशी —

ओढते आहे. येतात. थोडे येतात. बाहेर आले की मी लिहिणार, एक माणूस, एक जरी असला तरी उच्च, एक —

पण हलतोय तो माझा खांदा. मी ओढते आहे की ते